बुधवारचं लुगडं

देवीला मंगळवार आहे, शुक्रवार आहे. सोमवार महादेवाने घेतला, गुरुवार दत्ताने, शनिवार मारुतीने आणि रविवार खंडोबाने. राहिला बुधवार. तो विठोबाचा असं म्हणतात, पण विठोबा काही कुणाच्या अंगात येणारा देव नव्हे, तो विटेवरून हलायचंसुद्धा नाव घेत नाही. म्हणजे अंगात येण्यापुरतं बोलायचं तर बुधवार मोकळाच. अंजूचं सगळं आयुष्य या एका मोकळ्या वारापायी उधळलं गेलं होतं. म्हणून तर आपल्या खेळाला तिने नाव दिलं, 'बुधवार'.

खेळ हा तिचा शब्द. सायली त्याला 'परफॉर्मन्स आर्ट' म्हणायची. सायली बीडच्याच एका वकिलाची मुलगी. पुण्यात कॉम्प्युटर शिकली, चार वर्षं नोकरी केली आणि घरच्यांना पटेल असं एकही कारण न देता परत आली. एका कोचिंग क्लासच्या माडीवर तिने खोली घेतली होती. खाली पोरं जिल्हे आणि नद्या घोकायची, वर ही तारा जोडत बसायची. गावभर लोक म्हणायचे, वकीलसाहेबांची पोरगी वाया गेली. तिला अंजू भेटली तेव्हा दोन वाया गेलेल्यांची गाठ पडली, एवढंच.

कार्यक्रम बुधवारी दुपारी चार वाजता ठरला, म्हणजे खेड्यांतून येणाऱ्यांना संध्याकाळची एसटी मिळेल. सायलीने बॅनरवाल्याला मजकूर पाठवला: खेळाचं नाव, अंजूचं नाव, वेळ, हॉल आणि प्रश्न विचारायला फोन नंबर. बॅनरवाल्याचं एवढ्यावर कसं भागावं? त्याने पदरची पिवळी-लाल किनार घातली, वर सिंहावर बसलेली देवी चिकटवली आणि हाताच्या सवयीने खाली छापून टाकलं, 'तरी सर्व भाविकांनी सहकुटुंब उपस्थित राहून लाभ घ्यावा.' अशी पाच बॅनरं चौकाचौकांत लागली, तेव्हा कुठे सायलीला कळलं. तिने कपाळावर हात मारून घेतला.

"अंजूताई, सगळा घोळ झाला. आता लोक नारळ घेऊन येतील."

"येऊ दे की," अंजू म्हणाली. "नारळ घेऊन का हुईना, येतील तर खरं."

ती लोक म्हणाली, पण तिच्या मनात एकच माणूस होतं. पहिल्या रांगेतली कडेची एक खुर्ची तिने आधीच धरून ठेवली होती. तिच्यावर आपला रुमाल टाकायचा, हेही ठरलं होतं.

सिरसाळ्याच्या पुढे माळावर धनगरांची एक वस्ती आहे. तिथे सुग्रीव आणि साखराबाईच्या पोटी ती जन्मली, तेव्हा तिचं नाव लखन. एकुलतं एक पोर, मेंढरांत वाढलेलं. तेराव्या वर्षी लखनच्या अंगात देवी आली आणि वस्तीच्या ठाण्याची परडी त्याच्या हातात दिली गेली. परडी म्हणजे देवीच्या नावाची वेताची टोपली. ती ज्याच्या हातात त्याने देवीच्या वारी लुगडं नेसायचं, हळदीचा मळवट भरायचा, गळ्यात कवड्यांची माळ घालायची आणि पाच घरी जोगवा मागायचा. पुरुषाने देवीसाठी लुगडं नेसावं हे आमच्या भागात नवं नाही. कुणी हसत नाही. उलट ज्या मिशीवाल्यांनी आयुष्यात बायकोचं ऐकलं नाही, ते लखनच्या पायावर पालथे पडायचे.

मंगळवार आणि शुक्रवार. बाकीचे पाच दिवस लखन शर्ट-पँट घालून मेंढरं वळायचा आणि त्या दोन दिवसांची वाट बघायचा. त्याला वाटायचं, आपण देवीची वाट बघतोय. विसाव्या वर्षी एका बुधवारी त्याला खरं काय ते कळलं.

मायचं हिरवं लुगडं दोरीवर वाळत होतं. घरात कुणी नव्हतं. त्याने ते काढलं आणि नेसलं. हळद नाही, कवड्या नाहीत, संबळ नाही. बराच वेळ तो थांबला, पण अंगात कुणी आलं नाही. उलट जन्मात पहिल्यांदा, या अंगात आपण आहोत, असं वाटलं. मग ती चुलीपाशी बसली आणि भाकरी थापायला लागली. तिने मनातल्या मनात स्वतःला अंजू म्हणून हाक मारली आणि स्वतःच ओ दिली.

त्या दिवशी एक मेंढी लंगडायला लागली म्हणून सुग्रीव लवकर घरी आला. अंगणात उभा राहून त्याने सगळं बघितलं. तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"देवीचं लुगडं देवीच्या वारी," तो म्हणाला. "बुधवारी नेसलंस तर ते तुजं झालं. आन मंग तू आमचा न्हाईस." मग हातातली काठी त्याने जमिनीवर आपटली. "या घरातलं कुणी लखनशी बोललं तर माजं मेलेलं तोंड बघाल."

अंजूने लुगडं सोडलं, नीट घडी करून उंबऱ्यावर ठेवलं आणि लखनच्या कपड्यांत बीडची एसटी धरली. माय तेव्हा मेंढरांमागे होती. तिला संध्याकाळी फक्त घडी दिसली.

याला सात वर्षं झाली. पण देवीचं काम अडत नाही. परडी अंजूच्याच हातात होती, म्हणून दर नवरात्रात आठव्या माळेला वस्ती तिला बोलवायची. धर्मापुरीचे बद्रीनाथकाका संबळ वाजवायचे, अंगात यायचं, आणि मग काका रिवाजाप्रमाणे विचारायचे, "कोण आलंय?" कारण आलेल्याने आधी आपलं नाव सांगायचं असतं, नाव कळल्याशिवाय त्याच्याशी पुढचं बोलणं नाही. देवी नाव सांगायची. मग वस्ती पाया पडायची. सुग्रीवसुद्धा पटका काढून डोकं टेकवायचा. शपथ लखनशी न बोलण्याची होती, देवीच्या पाया पडायला कुठे आडकाठी होती?

सगळ्यांत शेवटी माय यायची.

ज्याच्या अंगात येतं त्याला त्या वेळचं काही आठवत नाही, असं सगळे मानतात. खरंखोटं देवी जाणे. अंजूला ऐकू यायचं. विहिरीच्या तळाशी बसून काठावरचं बोलणं ऐकावं, तसं. माय तिच्या पायावर कपाळ ठेवायची आणि विचारायची, "आई, माजा लखन कवा घरी येईल?"

दरसाल हाच प्रश्न. खाली मायचा पांढरा होत चाललेला भांग दिसायचा, कपाळाची ऊब पायाला लागायची, आणि वाकून तिला उठवायला हात खाली जायचा नाही. तोंड तेवढं म्हणायचं, "येईल. वाट बघ." पोटच्या पोराला आई म्हणायचं, त्याच्याच पाया पडायचं आणि त्यालाच त्याचा ठावठिकाणा विचारायचा, ही वेळ वैऱ्यावरही येऊ नये. अंजू आंघोळ करून भानावर येईपर्यंत माय मेंढरं घेऊन माळाच्या पार निघून गेलेली असायची. नवऱ्याच्या जिवाची शपथ होती, ती मोडायची कशी?

हे सगळं अंजूने एकदा सायलीला सांगितलं. खालची पोरं गोदावरीच्या उपनद्या म्हणत होती, त्या संपेपर्यंत सायली ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे तुझ्यात तिघं आहेत. देवीला दोन वार आहेत. लखनला आधार कार्ड आहे. अंजूला काय आहे?"

"बुधवार," अंजू म्हणाली. "त्यो बी कुणी दिला न्हाई. मीच घेतला."

तिथून खेळ सुरू झाला. सायलीने तिच्या मनगटांना आणि घोट्यांना पट्टे बांधले, कवड्यांच्या नव्या माळेत कवडीआड मावतील एवढ्या चिपा शिवल्या, छातीला काळजाचे ठोके मोजणारा पट्टा लावला. हात उचलला की लॅपटॉपमधून तुणतुणं वाजायचं, पाय आपटला की पडद्यावर उजेड फुटायचा, आणि संबळ वाजायचा तो काळजाच्या ठोक्यावर. एरवी संबळ अंगाला हलवतो; इथे अंगाने संबळ हलवायचा. अंजूला हे फार आवडलं. पण परवानगीवाचून करायचं नाही म्हणून ती धर्मापुरीला बद्रीनाथकाकांकडे गेली.

काकांनी पट्टे उलटेसुलटे करून बघितले. "कर," ते म्हणाले. "पर देवीच्या वारी न्हाई करायचं. परडी न्यायची न्हाई. आन कुणी काय इचारलं तर तोंडानं जबाब द्यायचा न्हाई. तोंडाचा जबाब देवीचा. कबूल?"

कबूल. वार तर तिने आधीच धरलेला होता.

आणि आता तो बुधवार उजाडला होता. हॉल साडेतीनलाच भरला. लोकांनी चपला दाराबाहेर काढल्या, त्यांचा हा ढीग झाला. बायकांनी ओट्या आणल्या. एका आजोबांनी स्टेजच्या पायरीवर फट्‌कन नारळ फोडला आणि पाणी थेट वायरींकडे धावलं. सायली किंचाळत फडकं घेऊन पळाली.

"आगं बाई, देवीला करंट लागत न्हाई," विंगेत बसलेले बद्रीनाथकाका म्हणाले.

"मला लागतो ना, काका!"

पडद्याआडून अंजू पहिली रांग बघत होती. रुमाल खुर्चीवर तसाच होता. वस्तीवर तिच्या चुलत्याची मुलगी स्वप्नाली राहते, तेवढीच काय ती चोरून फोन करायची आणि अंजूताई म्हणायची. आठ दिवसांपूर्वी अंजूने तिच्याकडून मायला निरोप धाडला होता, बॅनरचा फोटोही. सकाळी स्वप्नालीचा मेसेज आला: 'काकूला समदं वाचून दाखवलं. काय बोलली न्हाई. मेंढरं घेऊन गेली.' तरी अंजूने रुमाल उचलू दिला नव्हता. माणूस वेडं असतं.

खेळ सुरू झाला. अंजू आली ती धोतर, पटका आणि खांद्यावर घोंगडी अशी. लखन आला. त्याने हात फिरवला तशी पडद्यावर उजेडाची मेंढरं त्याच्या हातामागे चालायला लागली. जीभ टाळ्याला लावून त्याने मेंढरांना बोलावलं आणि पुढे बसलेला एक म्हातारा धनगर नकळत "हुर्रर्र" म्हणून गेला. सगळे हसले. अंजूलाही बरं वाटलं. लखन काही तिचा वैरी नव्हता. त्याचेच हात घेऊन ती जगत होती.

मग तिने पटका उतरवला आणि सगळ्यांदेखत, उजेडात, धोतरावरूनच लुगडं नेसायला घेतलं. हॉल चिडीचूप झाला. फक्त संबळ वाजत होता, म्हणजे तिचं काळीज. ती कासोटा घालत असताना मागून एक बाई शेजारणीला म्हणाली, "निऱ्या बघ, तुज्यापरीस बऱ्या घातल्या." त्यानंतर हॉल जरा सैल झाला.

शेवटचा भाग प्रश्नांचा होता. पडद्यावर बॅनरवरचाच नंबर यायचा. त्यावर कुणीही, कुठूनही फोन करून विचारायचं, आवाज स्पीकरवर यायचा आणि अंजूने मुक्याने, अंगानेच उत्तर द्यायचं. सायलीला वाटलं होतं, लोक विचारतील, बाई म्हणजे काय, देह कुणाचा. लोकांनी विचारलं, "आई, पोरगं पोलीस भरतीत निघंल का?" "आई, बोरला पाणी लागंल का?" बॅनरवाल्याने आपलं काम चोख केलं होतं. अंजू भरतीसाठी धावली, पाण्यासाठी जमिनीला कान लावून पडून राहिली. लोक हात जोडत होते. रुमाल खुर्चीवर पडून होता.

आणि मग स्पीकरमधून वारा आला. मागे मेंढ्यांचं बें बें, गळ्यातली घंटी. स्वप्नालीचा दबका आवाज, "बोल की काकू, लागलाय."

"कोण आलंय?"

तो मायचा आवाज होता. अंजूचे हात जिथल्या तिथे थांबले. तुणतुणं बंद पडलं, पडद्यावर अंधार झाला. संबळ तेवढा सुटला, भरधाव. अख्ख्या हॉलला ते ऐकू येत होतं, लपवायला जागाच नव्हती.

अंजूला वाटलं, झालं. मायने बॅनर ऐकलं, देवी ऐकली. आता ती म्हणणार, आई, माजा लखन कवा येईल. वाराचंही भान राहिलं नाही बिचारीला. काय करायचं? देवीचं नाव घेतलं तर मायचं समाधान होईल, 'येईल, वाट बघ' म्हणता येईल, आणि आणखी एक साल निघून जाईल. लखन म्हणावं तर शपथ आहे. नाव ऐकताच माय फोन ठेवेल. गप्प बसावं तरी ती जाईल. तिने विंगेकडे बघितलं. बद्रीनाथकाका उठून उभे राहिले होते. त्यांनी मान हलवली. बोल.

"आज बुधवार हाय, माय," अंजू म्हणाली. "आज देवी न्हाई."

"ठावं हाय मला." मायचा आवाज करडा झाला. "काल मंगळवार झाला, काल दिवा लावून आले ठाण्यावर. देवीला इचारायचं आस्तं तर कालच इचारलं आस्तं. आज कोण हाय ते सांग."

संबळ कानठळ्या बसवत होता. सायली लॅपटॉपवर हात ठेवून बसली होती, आवाज कमी करावा की नको तिला कळत नव्हतं.

"मी अंजू."

पलीकडे मेंढ्या ओरडत राहिल्या.

"मंग बोलते," माय म्हणाली. "शपथ लखनची हुती. अंजूचं नाव कुणी काढलं न्हवतं." मग तिचा आवाज कापला. "सात सालं लागली गं मला ही वाट गावायला. मी अडाणी बाई. स्वप्नी रोज अंजूताई, अंजूताई करती, आन मला सुदरंना."

संबळ आणखी जोरात वाजायला लागला.

"हे काय वाजतंय तिकडं?"

"माजं काळीज हाय, माय. मशिनीला लावलंय."

"लई जोरात पळतंय. बस बघू खाली."

अंजू चारशे माणसांसमोर स्टेजवर फतकल मारून बसली. "बसले."

"तुजं लुगडं ट्रंकेत हाय," माय म्हणाली. "हिरवं. मी पुन्यांदा अंगाला लावलं न्हाई. तुजा बाप म्हणला हुता न्हवं, बुधवारी नेसलं तर ते तुजं? त्याच्याच तोंडचं हाय. तुजं हाय तर येऊन ने."

"बाबा काय म्हणतील?"

"काय म्हणतील ते मला म्हणतील. मी हाय न्हवं."

"नवरातरात येते, माय. आठव्या माळंला."

"देवीच्या वारी येऊ नगंस!" माय घाईने म्हणाली. "तवा पाया पडावं लागतं. वर तोंड करून बघता येत न्हाई. सात सालं मी तुजी पावलंच बघत्याय. डाव्या टाचंला भेग पडलीय ती बी मला ठावं हाय. तू बुधवारी ये. सादी ये. मला तुजं तोंड बघू दे." तेवढ्यात मागे गलका झाला आणि ती ओरडली, "आगं ए स्वप्ने, मेंढरं हरभऱ्यात शिरली की!" आणि फोन तुटला.

हॉलमध्ये कुणी टाळी वाजवली नाही. नारळवाले आजोबा उपरण्याने डोळे पुसत होते. निऱ्यांवरून बोललेली बाई पुढे आली, तिने ओटीतली हळद-कुंकवाची पुडी सोडली, जरा घुटमळली, आणि पायाऐवजी अंजूच्या कपाळाला कुंकू लावलं. मागून कुणीतरी म्हणालं, "आन आमच्या भरतीचं कसं करता?" त्याला शेजाऱ्याने खाली बसवलं. सायलीने लॅपटॉप बंद केला, तेव्हा कुठे संबळ थांबला.

लोक पांगल्यावर अंजूने पहिल्या रांगेतल्या खुर्चीवरचा रुमाल उचलला आणि त्याच खुर्चीवर बसून राहिली. पाय वर घेऊन तिने डावी टाच बघितली. भेग होती. तिलाही ती इतकी नीट ठाऊक नव्हती.

पुढच्या बुधवारची सकाळची सिरसाळ्याची एसटी किती वाजता सुटते ते तिने त्याच संध्याकाळी स्टँडवर जाऊन विचारलं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा विचारलं. गुरुवार गेला, शुक्रवारी पाच घरी जोगवा मागून झाला. सात वर्षं कशी का होईना, निघून गेली होती. हे सात दिवस मात्र काही केल्या जाईनात.